इमामभाईंचं रबर

इमामभाई शिकलगार कधी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचे नाहीत, पायाकडे बघायचे. कोणी दुकानात आलं, रामराम घातला, तरी यांची नजर खालीच. पायात काय आहे, टाच कुठल्या अंगानं झिजली आहे, अंगठा बाहेर डोकावतोय का, हे सगळं बघून झालं की मग सावकाश मान वर. नवख्याला वाटायचं, काय शिष्ट माणूस आहे, ओळखसुद्धा देत नाही. अहो, ओळख केव्हाच पटलेली असायची! "निरगुडसरचं पावणं न्हवं का तुमी? काळ्या रानात वावरताय. डावा पाय वडून चालता. ही जोडी पोळ्यापत्तोर जाईल, मग या." पाहुणा अजून खाली टेकलेलाही नसायचा.

इमामभाई जुन्या टायरांचे व्यापारी. जुन्नरला माझा बैलगाड्यांचा कारखाना होता. कारखाना हे आपलं म्हणायला, पत्र्याची शेड आणि पुढं अंगण. त्याला लागूनच त्यांची वखार. मी जातीचा सुतार, आजा-पणजापासून आमच्या घरात गाड्याच होत आल्या. त्यामुळे सकाळी लाकूड तासणाऱ्या माझ्या वाकसाचा आवाज आणि त्यांच्या तोंडाचा आवाज एकदमच सुरू व्हायचा, आणि दोन्हींत मोठा कोणता हे सांगायला शेजारीपाजारी लाजायचे नाहीत.

अंगानं उंच, मेंदी लावलेली दाढी, लढाईतून आणलेली खाकी विजार, वर पांढरा सदरा. हात मात्र कोपरापर्यंत काळे. साबण लावून लावून थकले, रबर काही निघालं नाही. ईदच्या दिवशीसुद्धा गळाभेट घेतली की अत्तराच्या खालून टायरचा वास यायचा. खिशात रबराचा एक तुकडा कायम. बोलता बोलता तो बाहेर काढायचा, ताणायचा, नाकाला लावायचा, आणि मग जगाचं काय होणार ते सांगायचं.

हो, जगाचं! विनय वगैरे गोष्ट त्या माणसाच्या वाटेला कधी गेलीच नाही. "मिस्तरी," ते मला म्हणायचे, "हिंदुस्थानात रबराचं ज्याला कळतं अशी मानसं दोनच. दुसरा कोण ते मला ठाव न्हाई." जुन्नरला वर्तमानपत्र एक दिवस शिळं यायचं. ते हातात पडलं की इमामभाई मंत्र्यांची भाषणं ओलांडून थेट मागच्या पानावर जायचे, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सिंगापुरात रबर चढलं!" आमच्या आळीत सिंगापूर कुठं आहे ते कोणाला माहीत? पण बायका पाण्याला जाताना एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आज सिंगापूर वर हाय का खाली?"

त्यांनी ते पाहिलं होतं मात्र खरं. दुसऱ्या महायुद्धात मोटारीचे फिटर म्हणून भरती झाले, फिरत फिरत मलायात पोचले. तिथल्या रबराच्या बागांची गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की मला ती माझीच वाटते. पहाटे बाया येतात, झाडाच्या सालीला तिरपी चीर देतात, खाली वाटी बांधतात. चीक थेंब थेंब पडतो, आपल्या रुईच्या चिकासारखा पांढरा. "पर ध्यानात ठेवा मिस्तरी," इथं बोट वर व्हायचं, "झाड लावलं म्हंजे दुसऱ्या वर्सी चीक न्हाई. सात वर्सं! सात वर्सं नुस्तं बघत बसायचं. आपल्या वतूरच्या कांद्यावाल्यास्नी भाव दिसला की लावत्यात, चार म्हयन्यांत कांदा हातात, भाव पडल्याला. तसंच रबराचं, पर ह्यांची चूक कळाया सात वर्सं लागत्यात. कांदेवाला वर्सभर रडतो, रबरवाला जलमभर."

हीच त्यांची विद्या. भाव आज काय आहे हे कोणीही सांगेल. सात वर्षांनी माल किती येईल आणि लागेल किती, हे ते सांगू बघत. त्यांची रीतही त्यांचीच. आठवड्यातून एकदा भल्या सकाळी ते आपल्या मोटारीनं आळेफाट्याला जायचे. ही मोटार म्हणजे लष्करी मालाच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक. तिच्यावर त्यांचा इतका जीव, की गावानं तिचं नावच 'बेगम' पाडलं होतं, आणि तेही तिला त्याच नावानं हाक मारायचे. फाट्यावर हॉटेलांपुढच्या मोकळ्या जागेत नाशिककडचे, नगरकडचे ट्रक चहाला थांबत. डांबरावर काही उमटत नाही, पण त्या धुळीत प्रत्येक चाकाची नक्षी उठायची. इमामभाई उकिडवे बसून ती वाचायचे. इथं नक्षी ठसठशीत, म्हणजे नवं टायर. इथं पुसट झालेली. इथं नुसता गुळगुळीत पट्टा, म्हणजे हे आता उतरणार. ड्रायव्हर लोक चहाचा कप घेऊन भोवती उभे राहायचे आणि यांची टवाळी करायचे. "चाचा, काय हरवलं का?" हे मान वर न करता म्हणायचे, "हरवल्यालं न्हाई, यायचं हाय ते शोधतोय."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमच्या आळीच्या खालच्या अंगाला चपला करणाऱ्यांची एक गल्ली होती. दहा-बारा घरं, काही हिंदू, काही मुसलमान. पूर्वी ते चामड्याचं काम करायचे. लढाई संपली आणि लष्कराची जुनी टायरं लिलावात निघाली, गाड्याच्या गाड्या, मातीमोल. इमामभाईंनी ती आणली आणि गल्लीला सांगितलं, चामडं सोडा, याचे तळ कापा. चामड्याचा जोडा आमच्या दगडात दोन पावसाळे टिकत नव्हता. टायरचा तळ घालून माणूस म्हातारा झाला तरी तळ तरुण! डोंगरातून हिरडा घेऊन उतरणारी माणसं, रानातल्या बाया, माळकरी, पाटील, सगळ्यांच्या पायात चार वर्षांत टायर आलं. गल्लीतल्या पोरांच्या अंगावर धड कपडे दिसायला लागले. गोदाबाई म्हणून एक होती, नवरा पायानं अधू, पण कापायची रापी अशी चालवायची की टायरच्या जाड तारांतून लोण्यातल्यासारखी फिरावी. ती गल्लीची पुढारीणच. ती म्हणायची, "आमची लक्षुमी काळी हाय आन गोल हाय."

आणि ऐन भरात कोरियात लढाई जुंपली. झालं! सिंगापूर असं काही वर चढलं की इमामभाईंचा आवाज त्याला पुरेना. मुंबईहून एक व्यापारी मोटार घेऊन हजर. वखारीत इमामभाईंनी लष्करी टायरांची छतापर्यंत चवड लावलेली होती, ती सगळीच्या सगळी हवी म्हणाला. जो भाव बोलला तो ऐकून माझा वाकस हातात राहिला. बाहेर गोदाबाई आणि गल्लीतली चार माणसं येऊन उभी होती. टायरं गेली की त्यांच्या चुली गेल्या, हे न कळायला ती काय दुधखुळी नव्हती.

इमामभाईंनी पाहुण्याला चहा पाजला. खिशातला तुकडा काढून ताणला, नाकाला लावला. म्हणाले, "शेठ, ही आमची वखार म्हंजे हौद हाय. विहीर न्हाई. विहिरीला झरा असतो, उपसलं तरी भरती. लढाईची टायरं पुन्यांदा येनार न्हाईत, आन लढाई पुन्यांदा मागावी असं म्या तरी पाह्यलं न्हाई तिच्यात. हा हौद तीन-चार वर्सांत आटनार. झरा हाय, पर अजून यायचाय. रस्ते होऊ लागल्यात, ट्रक वाढनार, त्यांची टायरं उतरनार. पर हौद आटन्याला आन झरा लागन्याला मधी दोन वर्सं कोरडी हाईत. त्या दोन वर्सांसाठी ही चवड हाय. तुमाला कशी देऊ?"

व्यापारी हसला. म्हणाला, भाव असाच चढत राहील, तुम्हाला पश्चात्ताप होईल. इमामभाई म्हणाले, "चढतोय म्हनून तर मलायात आज झाडं लावत बसलं असतील. आन अमेरिकेत कारखान्यात रबर करत्यात, त्यास्नी सात वर्सं थांबावं लागत न्हाई. ह्यो भाव उतरनार शेठ. तुमी जपून." मग बाहेर आले आणि गल्लीकडे बघून, म्हणजे गल्लीच्या पायांकडे बघून, म्हणाले, "ऐकलंत न्हवं? तुमची रापी रबरावाचून एक दिस थांबनार न्हाई. इमाम शिकलगाराचा शब्द."

गावानं तोंडात बोटं घातली. कोणी म्हणालं चळलाय, कोणी म्हणालं बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. दोन वर्षं उलटायच्या आत रबराचा भाव गडगडला. त्या दिवशी इमामभाईंनी वर्तमानपत्र घेऊन गावातून जी चक्कर मारली, तशी वरात मी नवरदेवाचीही पाहिली नाही!

माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं ते याच सुमाराला. एक दिवस येऊन माझ्या नव्या चाकावर, काठाला नुकती लोखंडी धाव चढवलेल्या चाकावर, हात फिरवून म्हणाले, "झ्याक झालंय. आता ह्ये करायचं बंद करा."

"का?"

"आनखी आठ-दहा वर्सांनी जुन्नरच्या बाजारात धावंची गाडी दिसनार न्हाई. समदी रबराच्या चाकावर येनार. तुमी आधी करा, न्हाईतर दुसरा करंल."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! माझ्या आजानं बसवलेल्या धावा अजून नाणेघाटाच्या वाटेला वाजत होत्या. मी म्हणालो, "इमामभाई, तुम्ही चपला बघा, मला चाकं शिकवू नका. उद्या म्हणाल बैलालाही टायर बसवा." ते चिडले नाहीत. बाहेर एक गाडी कांदे भरून चालली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "त्या बैलाची मान बघा. सोलल्याली हाय. तुमच्या धावेचा दगडावर दनका बसतो त्यो कुठं जातो? त्याच्या मानंत. रबर त्यो दनका खातं. बैलाला मत न्हाई मिस्तरी, नायतर तुमी कवाच पडला असता." मी दोन महिने बोललो नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप एक रबरी चाकांची गाडी बांधली. पहिल्याच रविवारी बाजारातून तिला गिऱ्हाईक लागलं, आणि शेजारच्या वखारीतून जे खाकरणं ऐकू आलं ते मी अजून विसरलो नाही.

लागणार किती, हे बघायलाही हा माणूस घरात बसत नसे. एकदा मला ओढून डोंगरमाथ्यावरच्या आहुप्याला घेऊन गेले. केवढा तो चढ! वर पोचेपर्यंत माझी जीभ बाहेर, आणि यांचं आपलं चाललंय: हा अनवाणी, हा अनवाणी, हिच्या पायात आपलं टायर. वर एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, नाचणीची भाकरी दिली. इमामभाईंनी विचारलं, चपला किती दिवस जातात? बाबा म्हणाले, "जात्यात की लई दिस. देवराईत घालत न्हाई ना आमी. देवाच्या रानात वहाण न्हाई चालत. तितलं वाळल्यालं काटुकबी उचलत न्हाई." दुसरा कोणी असता तर हात जोडून गप्प बसला असता. यांनी हातही जोडले, आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्तरी, देवराईतली झीज वजा करा." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. उतरताना मात्र इमामभाईंचं पाय मोजणं थांबलं. मग म्हणाले, "ह्यांनी बघा, किती घ्यायचं न्हाई ते आधी ठरवलंय. म्हनून ते रान हाय." एवढंच. पुन्हा पाय मोजायला लागले.

तर ती दोन कोरडी वर्षं आली. अगदी यांनी सांगितली तशी आली. लिलाव बंद पडले, लष्करी टायर औषधाला मिळेना. दुसऱ्या गावांतले टायरचपलेवाले बसले. आमच्या गल्लीत मात्र रापी चालू, कारण वखारीतली चवड खाली खाली येत होती आणि गल्लीला पुरवत होती. काय सांगू, त्या काळात मी परगावी गेलो आणि कोणी विचारलं कुठले, की मी "जुन्नरचा" म्हणायच्या आधी "इमामभाईंच्या शेजारचा" म्हणायचो.

दोन वर्षं सरली. चवडीचा तळ दिसायला लागला. आता झरा लागायचा होता. ट्रक वाढले होतेच, फाट्यावर उभं राहायला जागा नव्हती. धुळीतल्या नक्ष्या गुळगुळीत होत होत्या, टायरं उतरत होती. आणि वखारीत एक येईना! इमामभाई चक्रावले. एका सकाळी ते माझ्या अंगणात आले. मी एका गाडीला चाक बसवत होतो. ते नेहमीसारखे खाली बघत होते. बघता बघता थांबले. चाकावर हात ठेवला, टायरच्या अंगावरून फिरवला, आणि हळूच म्हणाले, "हे कुनाचं?"

"फाट्यावरच्या बबनच्या ट्रकचं उतरलेलं. गाडीवान घेऊन आला, म्हणाला हेच बसव."

"नवं का न्हाई घेतलं?"

"नवं कोण घेतंय इमामभाई? ट्रकला नालायक झालं तरी गाडीला अजून चार वर्षं जातं. सगळेच आणतात."

ते माझ्या ओंडक्यावर मटकन बसले. त्यांनी धरलं होतं की बैलगाडीवाला कंपनीचं नवं टायर घेईल. ट्रकवरून उतरलेलं थेट गल्लीत येईल. आमच्या मुलखात माणूस फुटक्या घागरीत तुळस लावतो, फाटक्या धोतराची गोधडी शिवतो, हे त्या माणसाला सांगायला हवं होतं का? तोच तर रात्रंदिवस सांगायचा, आपल्याकडे काही वाया जात नाही. पण रबराच्या हिशेबात नेमकं हेच सुटलं. आणि गाड्या रबरावर आणायला मला कोणी लावलं? त्यांनीच! आपल्याच शहाणपणानं आपल्याच गल्लीच्या तोंडचा घास काढला होता.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मी सांगतो गाडीवाल्यांना. ट्रकचं टायर मी बसवणार नाही. जा म्हणावं, नवं आणा."

तेव्हा त्यांनी मान वर केली. थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. "खबरदार मिस्तरी! बैलाच्या मानंला आत्ता कुठं आराम पडलाय. माझ्या हिशेबाची चूक त्याच्या मानंवर टाकू व्हय?"

दुपारी गोदाबाई आली. वखारीत आता शेवटची थोडी टायरं होती. तिला सगळं कळलं होतं. ती काही बोलायच्या आत इमामभाईच म्हणाले, "गोदाबाई, माझं चुकलं. माल मेला न्हाई, वाटंत हाय. ट्रकवरनं गाडीवर गेलाय, गाडीवर झिजला की येनारच हाय तुमच्याकडं. पर त्याला आनखी वर्स-दीड वर्स लागंल." गोदाबाई म्हणाली, "चाचा, वर्सभर खायाचं काय ते सांगा." सरळच विचारलं बाईनं. इमामभाई म्हणाले, "शब्द दिलाय न्हवं? रापी थांबनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि लाकडाचे भक्कम ठोकळे मागितले. मी विचारलं कशाला, तोवर ते ठोकळे उचलून चालूही लागले. थोड्या वेळानं वखारीमागून जॅकचा आवाज आला म्हणून जाऊन बघतो, तर बेगम ठोकळ्यांवर उभी, आणि हा माणूस तिची टायरं उतरवतोय. चांगली टायरं! ज्यांची नक्षीसुद्धा अजून पुसली नव्हती. मी ओरडलो, "अहो, धंद्याची मोटार आहे, काय करताय?" ते नट सोडवत म्हणाले, "धंदा शब्दावर चालतो. चाकावर न्हाई." मी बसलो आणि दुसऱ्या बाजूचे नट सोडवायला घेतले. त्या दिवशी माझ्या छातीत काय भरून आलं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो, असा माणूस माझा शेजारी होता याचा मला गर्व वाटला, आणि अजून वाटतो.

बेगमची टायरं गल्लीनं पुरवून पुरवून वापरली. तळ पातळ कापले, लहान पोरांच्या चपलांना तुकडे जोडले. इमामभाई आता आळेफाट्याला एसटीनं जायचे, कधी पायी. गुळगुळीत टायर दिसलं की ड्रायव्हरला विचारायचे, हे उतरलं की कुणाला देणार? ड्रायव्हर म्हणायचा, गाडीवाल्याला, चाचा, तो चांगले पैसे देतो. हे म्हणायचे, "बराबर हाय. त्याला दे." बबन ड्रायव्हरनं एकदा विचारलं, "चाचा, बेगम कुठं? बिघडली का?" यांनी सांगितलं नाही. पण फाट्यावरच्या एका हॉटेलात आमच्या आळीतला पोऱ्या चहा द्यायचा, त्यानं सांगितलं. टायरं कापली, गल्लीला दिली, मोटार ठोकळ्यावर आहे.

गल्लीतला माल संपत आला त्याच आठवड्यातली गोष्ट. रविवारच्या बाजाराचा दिवस. मी अंगणात होतो. वरच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला, मग दुसरा, मग आणखी. आमच्या आळीचा उतार अरुंद, त्यात बाजाराची गर्दी, ट्रक शिरायला वाट नव्हती. तर ड्रायव्हर लोक उतरले आणि मागून टायरं खाली टाकून हातानं गडगडवत आळीतून निघाले. पुढे बबन. मागे आठ-दहा जण, एकेक टायर हाकत, पोरं चाक हाकतात तसे. बाजाराला आलेली माणसं भिंतीला चिकटून उभी. टायरं वखारीपुढं आली आणि एकावर एक पडली. बबन घाम पुसत म्हणाला, "चाचा, तुमच्या गल्लीला. पैसं न्हाई घ्यायचं आमाला. फाट्यावर ठरलंय."

गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली. गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. मी इमामभाईंकडे बघत होतो. आता हा माणूस काय बोलेल? तो काळा हात दाढीवर ठेवून उभा. मग खाली वाकला. एकेक टायर उचलून, फिरवून, अंगठा दाबून बघायला लागला. "हे मेलंय. हे मेलंय. ह्येबी." ती उजवीकडे. मग एक उचललं आणि थांबला. पुन्हा फिरवलं. आवाज एकदम चढला, "बबन! यात अजून सा म्हयनं जीव हाय! ह्ये का काढलंस?"

बबन खाली बघत म्हणाला, "असंल की. जुनं हाय एक, ते चढवलंय त्याच्या जागी."

"जुनं? तू माळशेजच्या घाटानं उतरतोस का न्हाई? पावसाचं तोंड हाय. आन जुनं चढवलंस?"

डावीकडे अशी जीव असलेली बरीच टायरं निघाली. त्यांत गल्लीच्या महिन्या-दोन महिन्यांच्या चुली होत्या, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. इमामभाईंनी गोदाबाईकडे बघितलं. शब्द त्यांचा होता, पण भूक तिची होती. गोदाबाई त्या ढिगाकडे बघत राहिली. मग पदर खोचून पुढं आली आणि एक टायर उभं केलं. "द्या परत, चाचा. त्यांचीबी पोरं हाईत घरी. मेल्यालं हाय तेवढ्यात आमी काढू. एक टाइम खाऊ, पर काढू."

आणि काढलं त्यांनी. गाड्यांची टायरं यायला लागली तोवर काढलं, एकाही घराची रापी थांबली नाही. पण ते पुढचं. माझ्यासमोर उभा आहे तो त्या दुपारचा इमामभाई. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्यात, बबनचं टायर दोन्ही हातांनी धरलंय आणि चढावर, भर बाजारातून, स्वतः लोटत नेतोय. बबन मागून धावतोय, "चाचा, द्या, मी नेतो," आणि हा वळूनही बघत नाही. दम लागलाय, डोळ्यांतून पाणी चाललंय, आणि तोंडाचा पट्टा सगळ्या जुन्नरला ऐकू जातोय:

"घाटात गाडी घसरली तर तुझ्या बायकोला काय सांगू रे, गाढवा? चपला झाल्या म्हनून सांगू?"